बंद हंगामातली गिटार

आषाढ उतरणीला लागला की धायरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये व्हिनेगरचा वास सुटतो. तो जिन्यापर्यंत जातो. मग समोरच्या काकू दार किलकिलं करून विचारतात, "काय शोभनाताई, लोणचं घातलंत का?"

"नाही हो, स्क्रू घातलेत," आई आतून सांगते.

काकू दर वर्षी हेच विचारतात आणि आई दर वर्षी हेच उत्तर देते. आज सकाळीही झालं. ओट्यावर स्टीलच्या वाटीत सहा बारके स्क्रू बुडालेत आणि वाटीच्या तळाशी चहाच्या रंगाचं पाणी उतरतंय. शेजारी जुना टूथब्रश, खायच्या सोड्याची पुडी, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, आणि पोळ्यांच्या डब्यातून निघालेल्या ॲल्युमिनियम फॉइलचे चुरगळलेले बोळे. जेवणाच्या टेबलावर जुनी सुती साडी पसरून तिच्यावर आईची इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवली आहे, तारा उतरवून. तारा नसलेली गिटार मला चष्मा काढलेल्या माणसासारखी दिसते. ओळखीचीच, पण जरा गोंधळलेली.

बाहेर पाऊस आहे. त्याच्याबद्दल लिहायला बाकीचे समर्थ आहेत. मला गंजाबद्दल लिहायचं आहे.

पुण्याचा पाऊस कोसळत नाही, बसतो. कोकणातल्यासारखा धो धो आला असता तर माणसं निदान सावध राहिली असती. हा आठ-आठ दिवस नुसता भुरभुरतो, काही विशेष करत नसल्याचा आव आणतो, आणि तेवढ्यात फाटकाची कडी लाल होते, छत्रीची काडी अडकते, डाळीच्या डब्याचं झाकण फिरेनासं होतं. गंज आवाज करत नाही. मी घोषणांच्या घरात वाढले असल्यामुळे आवाज न करता होणाऱ्या गोष्टी माझ्या फार उशिरा लक्षात येतात. आईची गिटार तर माझ्या डोक्यावर, माळ्यावर, सोळा वर्षं गंजत होती.

ती खाली काढली तो तीन वर्षांपूर्वीचा श्रावण.

माळ्याच्या कोपऱ्यात ओल आली म्हणून आम्ही सगळं सामान उतरवत होतो. सतरंज्या, फुटका पंखा, बाबांच्या जुन्या फायली, आणि सगळ्यात मागे ती काळी लांबट पेटी. पेटी गिटारीच्या मानाने मोठी होती. आई लग्नाआधी एका ऑर्केस्ट्रात वाजवायची तेव्हा ती तिला जुनी, दुसऱ्या गिटारीची म्हणून मिळाली होती. त्या ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीत तिचं नाव नसायचं. 'खास आकर्षण : लेडीज गिटार' एवढंच असायचं. आई हे हसत सांगते. मला अजून राग येतो.

पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला. आई शाळेत गणित शिकवायला लागली आणि बाबांच्या पथनाट्याच्या गटात आली. तिथे इलेक्ट्रिक गिटारीचा काही उपयोग नव्हता. "चौकात प्लग कुठे असतो?" आई म्हणते. तिथे डफ चालायचा. गिटार फक्त घरी, अधूनमधून वाजायची. मग तीही पेटीत गेली, पेटी माळ्यावर गेली. घर बदलताना ती पेटीत हलू नये म्हणून बाबांनी रिकाम्या जागेत, बाजूने आणि वरून, उरलेली पत्रकं ठासून भरली. दुसऱ्या कुठल्या घरात जुनी चादर कोंबली असती. आमच्या घरात चादरीपेक्षा पत्रकं जास्त होती.

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला. ओल्या कागदाचा, शाईचा, आणि त्याखाली लोखंडाचा, नाणी मुठीत धरून घाम आल्यावर येतो तसा. कागदाने सोळा पावसाळ्यांची ओल शोषून घेऊन गिटारीच्या अंगावर दाबून धरली होती. तारा तपकिरी झाल्या होत्या आणि हात लावल्यावर त्यांचे पापुद्रे बोटाला लागले. तारा जिथे टेकतात तो खालचा पूल, ज्याला ब्रिज म्हणतात, त्यावर लाल खरूज धरली होती. वरच्या खुंट्या फिरत नव्हत्या. पितळी भागांवर हिरवा थर होता. आणि सगळ्यावर एकावर एक चिकटलेली ती पत्रकं. मी एक सोलून काढलं. मथळा वाचता येत होता.

'घरात राबणाऱ्या बाईलाही हवा स्वतःचा वेळ!'

मजकूर बाबांचा. मी तेव्हा चौथीत होते, आणि ही पत्रकं मी स्वतः बाबांबरोबर धायरी फाट्यावर वाटली होती.

आईने गिटारीकडे पाहिलं. मग पत्रकाकडे. मग म्हणाली, "बरं," आणि कुकर लावायला गेली.

बाबा स्टुलावर उभे होते, हातात फुटका पंखा धरून. ते बराच वेळ उतरलेच नाहीत.

पत्रकावर वाढणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. माझं नाव समता. ते बाबांनी ठेवलं. आईला विचारलं होतं की नाही, याची नोंद नाही. मी अक्षरं शिकले ती बाबा दिलीप यांच्या पत्रकांवर. पाण्याचं पत्रक, बसच्या भाडेवाढीचं पत्रक, झाडं तोडण्याविरुद्धचं पत्रक. पाठकोऱ्या बाजूवर माझा गृहपाठ असायचा. वाढदिवसाला भेटवस्तू पत्रकात गुंडाळून मिळायची, आणि मी आधी कागद वाचायचे, मग वस्तू बघायचे. बाबा दिवसा कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात नागरिक. त्यांचा एक विश्वास होता, आणि तो माझ्यातही उतरला आहे : एखादी गोष्ट खरी असेल तर ती छापली पाहिजे, आणि छापली की ती अर्धी झालीच.

हा विश्वास वाईट नाही. आमच्या रस्त्यावर आज दिवे आहेत ते अशाच एका पत्रकामुळे. पण 'अर्धी झालीच' या शब्दांत एक खड्डा आहे, आणि त्या श्रावणात मी त्यात पडले.

आधी बाबा पडले. अपराधी माणूस फार जोरात घासतो. दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि ब्रिज घासायला बसले. गंज निघत होता, बाबांना हुरूप येत होता. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. तारांच्या खाली पिकअप असतो, तारांचा आवाज पकडणारा, आणि त्यात लोहचुंबक असतं. घासणीचा बारीक लोखंडी भुगा उडून सगळा त्या चुंबकावर जाऊन बसला. मी कामावरून आले तेव्हा गिटारीला दाढी आली होती.

"बाबा, हे काय?"

"वाढतंय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पुसलं की अजून वाढतंय."

आईने घरी आल्यावर पाहिलं. ओठ आवळून हसू दाबलं, हे मी पाहिलं. पण तिने गिटारीला हात लावला नाही. मला त्या न लावलेल्या हाताची धास्ती वाटली. गंज काढता येतो, हे मी तोवर चार ठिकाणी वाचलं होतं. पण आई ती पुन्हा हातात घेईल का, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. तोवर नाही घेतली तर ती नंतरही घेणार नाही, असं मला पक्कं वाटत होतं.

कुणीतरी सांगितलं की शनिवार पेठेत अन्वरचाचा म्हणून आहेत, बँडची वाद्यं दुरुस्त करतात. मी पेटी उचलली आणि बसने निघाले. सिंहगड रस्त्यावर बस नेहमीसारखी कोंडीत उभी राहिली, माणसांनी पेटीकडे पाहिलं, एका आजोबांनी "आत काय, बंदूक?" असं विचारलं, मी "गंज" म्हणाले, त्यांनी मान डोलावली.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. छतापासून ट्रम्पेट, कॉर्नेट, एक भलं मोठं युफोनियम अशी पितळी वाद्यं उलटी टांगलेली, जशी झाडावर वटवाघळं. बांगडीसारखी वळलेली एक नळी नुसतीच खिळ्याला. लिंबाचा आणि तेलाचा वास. कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक, तिच्या आत पिवळा बल्ब लावलेला, आणि त्या उबेत धुतलेले सुटे भाग वाळत घातलेले. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार, म्हणून हे चाचांचं घरचं ऊन. भिंतीवर हाताने रंगवलेली पाटी :

'वाजवणाऱ्याने स्वतः यावे. वाद्य दुसऱ्याच्या हाती पाठवू नये.'

आणि खाली, नंतर सुचल्यासारखं, बारीक अक्षरात : 'बँडच्या मालकांनी सुद्धा.'

अन्वरचाचा साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, बोटं तेलाने काळी. त्यांच्या घरातली माणसं तीन पिढ्या हेच काम करत आली आहेत. त्यांनी पेटी उघडली, दाढीकडे पाहिलं आणि चिकटपट्टीचं बंडल उचललं. पट्टीचा तुकडा चुंबकावर हलकेच टेकवायचा, उचलायचा. नवा तुकडा, टेकवायचा, उचलायचा. पुसायचं नाही. पाच मिनिटांत दाढी उतरली.

"ही हजामत फुकट," ते म्हणाले. "आता सांग, गिटार कुणाची?"

"आईची."

"मग आई कुठंय?"

"घरी. मी आणलीये ना."

"तू वाजवतेस?"

"नाही."

त्यांनी पेटी बंद केली. "मग परत ने."

मी पाटीकडे बोट दाखवून वाद घातला. हा नियम कामगारविरोधी आहे, आईला वेळ मिळत नाही, म्हणूनच तर मी आले, वगैरे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन ट्रम्पेट काढून माझ्यासमोर धरले.

"हे बघ. एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले, एकाच बँडमधले. डाग बघ. याचा इथं, त्याचा तिथं. प्रत्येकाचा घाम वेगळा, धरायची तऱ्हा वेगळी. वाजवणारा समोर बसला की मला कळतं कुठं किती घासायचं, कुठं हात लावायचाच नाही. नुसता गंज काय, व्हिनेगरपण काढतं. मी वाद्य चालू करतो. चालू करून कुणाच्या हातात देऊ?"

"माझ्या."

"तू भाषण कर, बेटा. ते चांगलं जमतं तुला."

निघताना त्यांनी एवढं मात्र सांगितलं : "घाई नाही. आषाढी झाली की लग्नं बंद, लग्नं बंद की बँड बंद, बँड बंद की माझं दुकान सुरू. गणपतीपर्यंत. सगळं शहर म्हणतं सीझन बंद आहे. अरे, दुरुस्ती सीझनमध्ये होते का कधी?"

बसमध्ये मी हे वाक्य विसरले. माझ्या डोक्यात फक्त एक प्रश्न होता : आईला दुकानात आणायचं कसं? आणि माझ्यासारख्या मुलीला त्याचं एकच उत्तर सुचतं. मी पत्रक काढलं.

आमच्या सोसायटीत चार इमारती. गणेशोत्सवात रोज संध्याकाळी काहीतरी कार्यक्रम असतो आणि समिती नेहमी कार्यक्रमांच्या शोधात असते. मी समितीला आईचं नाव दिलं. त्याच दिवशी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. 'सोळा वर्षांच्या सक्तीच्या शांततेनंतर' अशी सुरुवात होती. 'शोभनाताईंचे इलेक्ट्रिक गिटारवादन' हे ठळक. दीडशे प्रती काढल्या आणि एका दुपारी चारही इमारतींत वाटून टाकल्या. नाव छापलं की तिला मागे जाता येणार नाही. गोष्ट अर्धी झालीच.

आईने पत्रक लिफ्टमध्ये वाचलं. आरशावर चिकटवलेलं. घरात आली, चप्पल काढली, पिशवी ठेवली.

"छान छापलंय," ती म्हणाली. "कोण आहेत या शोभनाताई?"

मी हसले. ती हसली नाही.

"किती छापलीस?"

"दीडशे."

"किती वाटलीस?"

"सगळी."

"यात मात्र बापाच्या पुढे आहेस." ती खुर्चीत बसली. बाबा पेपरामागे होते, ते आणखी मागे गेले. "समता, मला स्वतःचा वेळ हवा असं लिहून बाबांनी तो कागद माझ्या गिटारीवर ठेवला. तू माझी शांतता सक्तीची होती असं परस्पर जाहीर केलंस. तुम्हा दोघांना माझा फार कळवळा आहे. फक्त मला विचारायचं तेवढं राहून गेलं."

तिचा आवाज चढला नव्हता. गणिताच्या बाईंचा आवाज होता, उत्तर चुकलेलं नाही, पायरीच गाळली आहे, हे दाखवणारा.

मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यात रागही होता. चांगल्या हेतूच्या माणसाला चूक दाखवली की त्याला आधी अन्यायच वाटतो. मी खोलीत जाऊन बसले. खिडकीच्या गजावर गंजाचा एक ठिपका होता. बाहेरच्या भुरभुरीत तो दिसामासाने वाढत असणार आणि मी त्याच्याकडे पाठ करून स्वातंत्र्यावर लिहीत असणार. आईला विचारलं असतं तर काय झालं असतं? ती 'नाही' म्हणाली असती, कदाचित. त्या 'नाही'ची भीती वाटली म्हणूनच मी छापखाना गाठला होता. मी मत मागायच्या आधी निकाल जाहीर केला होता, आणि असं करणाऱ्यांविरुद्ध आमच्या घरात किमान सहा पत्रकं निघाली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी असं काम केलं जे आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. मी वाटलेली पत्रकं परत मागायला निघाले.

पहिलं दार समोरच्या काकूंचं.

"परत?" काकू म्हणाल्या. "पत्रक कुणी परत मागतं का? मी त्यावर मेथी निवडली."

"मग मेथीसकट द्या."

"मेथी शिजली. कागद कचऱ्यात. पण मला सांग, वाजवणार नाहीत का शोभनाताई?"

"ते त्यांनी ठरवायचंय, काकू. मी विचारलंच नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "आमच्याकडे पण माझ्या नावाने भिशी सुरू झाली, मला न विचारता," त्या म्हणाल्या. "ये, चहा घे."

चार इमारती, दोन दिवस. एका घरी पत्रकाची होडी झाली होती. एका घरी त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडले होते. एका आजोबांनी पत्रक दिलं नाही, म्हणाले, "मी यातल्या तीन वाक्यांवर हरकत घेणार आहे, ती लिहून झाली की देतो." प्रत्येक दारात मला तेच वाक्य म्हणावं लागलं : मी तिला विचारलं नव्हतं. पहिल्या दहा दारांत ते अडखळत निघत होतं. विसाव्या दारापर्यंत ते बऱ्यापैकी गुळगुळीत झालं. शेवटी एकशे आठ पत्रकं जमली. मी समितीकडे जाऊन नाव काढून घेतलं आणि गठ्ठा आईसमोर ठेवला.

आईने वरचं पत्रक उचललं, पूर्ण वाचलं. "ही दुसरी ओळ चांगली आहे," ती म्हणाली.

मग दोन-तीन दिवस काही नाही. रविवारी सकाळी मी उठले तर आई साडी नेसून दारात उभी, पेटी बाबांच्या हातात.

"कुठे आहेत ते तुझे चाचा?"

"पण मी तर..."

"तू विचारलं नाहीस. मीच विचारलं," आई म्हणाली. "मला."

अन्वरचाचांनी आईला स्टूल दिलं आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "धरा." आईने धरली. उजवा हात आपोआप ब्रिजवर टेकला, तळव्याची कड नेमकी एका जागी. चाचांनी वाकून पाहिलं आणि खडूने तिथे खूण केली. मग म्हणाले, "डावा हात दाखवा." बोटांची टोकं चाचपली. मऊ होती, खडूची, पोळपाटाची.

"किती वर्षं?"

"सोळा."

"गिटारीपेक्षा इथं जास्त गंज आहे."

"तो व्हिनेगरने निघतो का?"

"नाही. तो दुखून निघतो."

आई हसली. त्या श्रावणात पहिल्यांदा.

मग काम सुरू झालं. स्क्रू आणि तारा टेकायच्या बारक्या खोगिऱ्या व्हिनेगरमध्ये. मग सोड्याच्या पाण्यात, म्हणजे आंबटपणा मरतो. मग ट्रंकेतल्या उन्हात, मग तेलाचा एकेक थेंब. चकचकीत भागांसाठी चाचांनी स्वतःच्या डब्यातल्या पोळीचं फॉइल काढलं, चुरगळलं, पाण्यात बुडवलं आणि हलक्या हाताने फिरवायला लागले. ॲल्युमिनियम मऊ, वरचा मुलामा कठीण; त्यामुळे गंज जातो, ओरखडा उठत नाही. बाबा हे फार लक्ष देऊन पाहत होते.

आवाजाच्या बटणांखाली एक लांबट पट्टी होती. तिच्यावरचा कागद सोलला तर खाली उलटी अक्षरं उमटलेली. शाई धातूला चिकटली होती आणि भोवती गंज चढला होता. चाचांनी त्याचा फोटो काढून फोनवर उलटा केला आणि मोठ्याने वाचला.

"स्वतःचा वेळ."

आई इतकी हसली की तिने डोळ्यांना पदर लावला.

मला मात्र ते फार भारी वाटलं. "ही अक्षरं ठेवूया," मी म्हणाले. "आई, विचार कर, केवढा अर्थ आहे यात." आणि या वेळी मी आठवणीने पुढे म्हटलं, "म्हणजे तुला चालणार असेल तर."

"अर्थ आहे," चाचा म्हणाले. "पण त्याच्याखाली गंज चालू आहे. अक्षरं ठेवली तर पट्टी जाईल."

"काढा," आई म्हणाली. मग फॉइलचा बोळा उचलून बाबांपुढे धरला. "दिलीप, तू काढ. तुझा मजकूर आहे."

बाबा खाली बसले. आधी 'स्व' गेला. बाबा घासणीच्या दिवसासारखे जोर लावत नव्हते. थांबत होते, पुसत होते, बोटाने चाचपत होते. ते पत्रक लिहायला त्यांना दोन दिवस लागले होते. तेवढे शब्द पुसायला पाऊण तास लागला.

"शंभरच छापायला हवी होती," ते मान खाली घालून म्हणाले.

"नाही रे, दोनशेच बरोबर होती," आई म्हणाली. "पण वाटायची होतीस. सगळी वाटली असतीस तर माझी गिटार वाचली असती."

गणपतीत ती वाजवायला उभी राहिली नाही. तिच्या ठरलेल्या दिवशी तिसऱ्या इमारतीतल्या मुलींनी नाच केला आणि आईने पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मी बाजूला बसले होते. टाळ्या वाजवायला मी जराशी उशिरा सुरुवात केली, पण केली.

घरी मात्र ती रोज शाळेतून आल्यावर वीस मिनिटं बसायची, प्लग न लावता. बोटांवर आधी लाल रेघा आल्या, मग फोड, मग घट्टे. ती भाजी चिरताना अंगठ्याने ते घट्टे चाचपायची, नवा दागिना चाचपावा तसे. विसर्जन झालं, मांडव उतरले, शहर आपला आवाज घरी घेऊन गेलं. त्या रविवारी सकाळी साडेदहाला आईने चाचांकडून आणलेला छोटा ॲम्प्लिफायर जोडला. आधी नुसती घरघर आली. मग तिने एकदा सगळ्या तारांवरून हात फिरवला, आणि आमच्या ओट्यावरचे डबे थरथरले.

पाच मिनिटांत दारावरची बेल वाजली. बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दारात काकू.

"तक्रार नाही हो," काकू म्हणाल्या. "कुकरमुळे नीट ऐकू येईना. जरा वाढवता का?"

आता आई निवृत्त झाली आहे. ती कार्यक्रम करते का, असं लोक मला विचारतात. मी सांगते, तिला विचारा. गेल्या वर्षी ती दोनदा वाजवायला गेली, एकदा 'नको' म्हणाली. मी पत्रकं काढणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. गप्प बसलेल्या जगाची मला अजूनही चीड आहे. पण छापण्याआधी एक फोन करते. आणि दर पावसाळ्यात स्वतःलाही चार दिवस बंद ठेवून बघते, काय काय अडकलंय, कुठे जोर लावतेय. चाचांच्या भाषेत, दुरुस्तीचा सीझन.

चाचा म्हणतात, हे सहा जुने स्क्रू बदलून टाका, रुपयाची वस्तू. आई ऐकत नाही.

सकाळी वाटीत घातलेले स्क्रू दुपारी निघाले. सोड्यात बुडाले, आमच्या बल्बखाली वाळले, तेल लागलं, आपापल्या जागी बसले. चार वाजता तारा चढल्या. आईने पेटी पुसायला उघडी ठेवली होती, आत जुन्या साडीची घडी. तेवढ्यात बाबा नदीकाठच्या झाडांच्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन खोलीतून आले. कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. नजर पेटीतल्या रिकाम्या कोपऱ्यावर गेली आणि तिथे थांबली.

आईने खुंटी पिळता पिळता, मान वर न करता म्हटलं, "दिलीप."

बाबांनी चपला घातल्या. मी अर्धा गठ्ठा घेतला आणि छत्री.

फाटकापाशी वॉचमनकाकांना पहिलं पत्रक द्यायला बाबांनी हात पुढे केला. त्याच वेळी वरून, तिसऱ्या मजल्यावरून, गिटार सुरू झाली. वॉचमनकाका पत्रकाकडे बघेनात. ते वर बघत होते. मी म्हणाले, "काका, हे झाडांबद्दल आहे, जरा..."

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "तिचं होऊ दे."

आम्ही पत्रकं छत्रीखाली छातीशी धरली आणि भुरभुरीत उभे राहिलो.